लाल ठिपक्यांची वस्ती

पहाटे आपल्या गोठ्यात एखादा परका माणूस भिंतीला तोंड लावून उभा दिसला, तर काय समजायचं? चोर म्हणावं, तर गाय सोडायची सोडून हा भिंत कशाला चाटेल? वेडा म्हणावं, तर अंगात चांगला धुतलेला खाकी शर्ट. कडूनं फार विचार केला नाही. धार काढायला आणलेली पितळी चरवी तिनं दोन्ही हातांनी डोक्यावर उगारली आणि ओरडली, "ए! कोन हाय रं?"

तो वळला. एका हातात बॅटरी, तोंडात रबरी नळी, तिच्या पुढं काचेची नळी... आणि डोळे असे विस्फारलेले की बस्स! तोंड उघडायची सोय नव्हती. नुसताच हात हलवून 'थांबा, थांबा' करत राहिला. मग घाईघाईनं काचेच्या टोकावर बोट ठेवलं, तोंडातली नळी काढली आणि म्हणाला, "मारू नका! सरकारी माणूस आहे मी!"

"सरकारी मानसं भिंतीचे मुके घेत्यात व्हय?"

बोलून गेली आणि मग कडूनं जीभ चावली. पण आता काय उपयोग? तो तोंडावर हात धरून हसायला लागला होता. हसता हसता नळीवरचं बोट सरकलं आणि आत धरलेला डास भुर्रकन उडून गेला.

"घ्या! अर्ध्या तासात एक सापडला होता," तो म्हणाला. "तोही तुम्ही सोडवलात."

"मग धरा की दुसरा. आमच्याकडं डासांना काय तोटा?"

एकाहत्तर सालच्या आषाढातली ही गोष्ट. कोपरगावपासून दोन कोसांवर, पाटाच्या कडेला सात-आठ घरांची वस्ती. तिथं कडूच्या बापाचं, भिमाजीचं घर, घराला लागून गोठा. भिमाजीनं आदल्या संध्याकाळीच या माणसाला परवानगी दिली होती आणि घरात सांगायचं साफ विसरून गेला होता. त्याचं हे नेहमीचंच.

माणसाचं नाव गोरक्षनाथ. मूळचा जामखेडकडचा, शेतकऱ्याचा पोरगा, मॅट्रिक होऊन मलेरियाच्या खात्यात लागलेला. त्याच्या हुद्द्याचं नाव होतं कीटक समाहारक, पण एवढं मोठं नाव कोण घेतंय? वस्ती त्याला डासवाला म्हणायची. काम असं, की पहाटे गोठ्यांतून आणि घरांतून फिरायचं, भिंतींवर बसलेले डास नळीत ओढायचे आणि मोजायचे. मग उजाडल्यावर डबकी, विहिरी, खड्डे शोधायचे आणि पांढऱ्या पळीनं पाणी काढून त्यात डासांची पोरं वळवळतात का ते पाहायचं. शेवटी सगळं नकाशावर. ज्या पाण्यात पोरं सापडली तिथं निळा ठिपका, ज्या घरात डास सापडले तिथं लाल. तो नकाशा बघून वरचे लोक ठरवणार, औषध कुठं मारायचं.

कडू तेव्हा एकोणीस वर्षांची. तिच्याआधीची दोन पोरं जगली नाहीत, म्हणून हिला दृष्ट लागू नये या बेतानं आईनं नाव ठेवलं कडूबाई. आई पुढं गेली, नाव राहिलं. बाकी पोरीत कडू असं काही नव्हतं, जीभ सोडली तर.

त्या दिवशी डबकी दाखवायला तीच गेली. भिमाजीला वेळ नव्हता, तिचा भाऊ, नाव श्रीमंत, उसाला पाणी देत होता. आणि डबकी कडूइतकी कोणाला माहीत? शेळ्यांमागं हिंडण्यात तिचं सगळं लहानपण गेलेलं.

"विटांच्या खड्ड्यातबी पानी हाय," ती म्हणाली.

"किती लांब?"

"हाकंच्या अंतरावर."

गोरक्षनाथनं पेन्सिल थांबवली. "हाकेचं अंतर म्हणजे किती पावलं?"

"ते हाक कोन मारतंय त्याच्यावर हाय."

"तुम्ही मारली तर?"

कडूनं त्याच्याकडं पाहिलं. चेहरा अगदी गंभीर. पण मिशीखाली... तिथं काहीतरी हलत होतं. "मी मारली तर लई लांबनं मानूस यील," ती म्हणाली, आणि ताडताड खड्ड्याकडं निघून गेली.

तिथून तिनं हाक मारली. तो घरापासून पावलं मोजत आला. दोनशे दहा का काहीतरी झाली. जवळ येऊन म्हणाला, "मोजणी चुकली. पुन्हा मारा हाक."

"आता काय म्हनून मारू?"

"नावानं मारा."

"अगं बया!" म्हणून कडू पळालीच. पण घरी आल्यावर चुलीपुढं बसून भाकरी थापताना तिच्या तोंडात ते नाव दहादा तरी येऊन गेलं. पाच अक्षरांचं लांबलचक नाव. हाक मारायला तसं चांगलंच होतं.

दर पंधरवड्याला तो यायचा. सायकल बांधावर टेकवायचा आणि अंधुक उजेडात गोठ्यात शिरायचा. कडू धार काढायची, तो भिंत धुंडायचा. दुधाची धार चरवीत वाजत असायची, बॅटरीचा गोल उजेड भिंतीवरून सरकत असायचा, आणि मधेच तो म्हणायचा, "हा बघा, हा मलेरियाचा. कसा बसलाय बघा, शेपूट वर करून."

"आमच्या सहादेवकाकावानी. त्योबी असाच बसतो."

"हसवू नका हो... पळेल तो!"

बाहेर रिपरिप चालू असायची. कौलांवरून पाणी गळायचं, गाय शेपटी झटकायची. कडूला वाटायचं, ही धार संपूच नये. पण गायीला काय त्याचं? अर्ध्या चरवीवर ती आटायची आणि उजाडायचं.

श्रावणात औषध मारणारी टोळी आली. पाठीवर पंप, तोंडाला फडकी. घरं, गोठे, सगळ्या भिंती त्यांनी डी.डी.टी.नं भिजवल्या आणि जाताना बायकांना बजावून सांगितलं, "अडीच-तीन महिने भिंती सारवायच्या न्हाईत. सारवलं की औषध गेलं."

पुढच्या फेरीला गोरक्षनाथनं एक तास भिंत धुंडली. नळी रिकामी. त्याच्या पुढच्या फेरीलाही रिकामी.

"झकास!" तो म्हणाला. "आणखी एक फेरी अशी गेली, की ही वस्ती माझ्या यादीतून उडाली."

धार काढता काढता कडूचा हात थांबला. "उडाली म्हंजी?"

"म्हणजे काम झालं. मग माझी नेमणूक कर्जतला."

"मग... हितं?"

"इथं कशाला येऊ? डासच नाहीत." हे बोलताना तो नळी पुसत होता. कडूकडं त्यानं पाहिलं नाही. आणि कडूला मात्र असं झालं, जसं कोणीतरी छातीवर जातं आणून ठेवलंय.

माणसाला येण्यासाठी डास लागतात, तर डास पाहिजेत. बस्स! याच्यापलीकडं त्या पोरीच्या डोक्यात काही शिरलंच नाही. गौरी तोंडावर आल्या होत्या. भिंतीवर औषधाचे पांढरे ओघळ, जागोजाग डाग. अशा घरात गौरी आणायच्या का? हे निमित्त चांगलं होतं. तिनं शेण कालवलं, पांढरी माती भिजवली आणि गोठ्याच्या चारी भिंती अशा सारवल्या, अशा गुळगुळीत केल्या, की वहिनी कौतुकानं दारात येऊन उभी राहिली. वहिनीचं नाव गोजरबाई. तीही जामखेडकडचीच, त्यामुळं डासवाला आला की तिला माहेर आल्यासारखं वाटायचं.

"सारवू नगा म्हनले हुते ना गं ते?" वहिनी म्हणाली.

"गौरीला घान घर चालतंय व्हय?"

"गौरी गोठ्यात बसनार हाय का?" वहिनी म्हणाली, आणि नणंदेकडं जरा टक लावून पाहिलं. कडूनं मान खाली घातली. तेव्हाच वहिनीला सगळं कळलं असतं तर! पण शेजारच्या बायडाबाईंनी ती भिंत पाहिली आणि त्यांचंही मन राहिना. "माज्या घरालाबी तुझा हात लागू दे की गं, कडू." मग सहादेवकाकाची बायको. मग आणखी एक घर. नाही कशी म्हणणार? चार घरांचं औषध कडूनं आपल्या हातांनी शेणामातीखाली गाडलं.

पुढच्या फेरीला नळीत अकरा डास निघाले.

"अकरा!" गोरक्षनाथ लहान पोरासारखा नाचायचाच बाकी होता. "औषध मारून महिना झाला तरी अकरा! सहादेवांकडं नऊ, बायडाबाईंकडं सात. कळतंय का तुम्हाला? हा डास औषधाला जुमानत नाही. आपल्या भागात हे अजून कोणी नोंदवलेलं नाही. आता मला दर आठवड्याला यावं लागेल."

दर आठवड्याला! कडूनं मान वळवली, कारण तिला हसू आवरेना.

तो भाद्रपद कसा सरला ते तिचं तिला ठाऊक. गुरुवारची पहाट उजाडायच्या आत ती वेणीफणी करून बसायची. धार काढायला वेणीफणी कशाला, असं भिमाजीनं एकदा विचारलंसुद्धा. गुरुवार गेला की शुक्रवारपासून पुन्हा दिवस मोजायचे. बांधावर कोणाचीही सायकल वाजली, की काळजात लक्कन व्हायचं. रानात एकटी असली की विटांच्या खड्ड्यापाशी उगाच जाऊन उभी राहायची. आणि तो यायचा, नकाशा उलगडून दाखवायचा. पाटाच्या निळ्या रेघेकाठी त्यांच्या वस्तीवर चार लाल ठिपके. सगळ्यात मोठा ठिपका भिमाजीच्या गोठ्यावर.

"हे आमचं घर?"

"हे तुमचं घर." त्याचं बोट ठिपक्यावर होतं, तिचंही जवळच. दोन बोटांमध्ये एखादा डास मावला असता, एवढंच अंतर. "सोमवारी हा नकाशा नगरला जाणार... दसऱ्यानंतरच्या सोमवारी. मोठे डॉक्टर स्वतः बघणार आहेत."

"मग तुमास्नी बढती?"

"बढतीचं माहीत नाही. पण माझं कोणी ऐकून घेतील, तर ती पहिलीच वेळ." एवढं म्हणून त्यानं नकाशाची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "बरं वाटतं हो... इथं येऊन काही सांगितलं की."

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी वहिनीला थंडी भरली. गोठ्याच्या भिंतीला लागूनच तिची खोली. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग ताप असा चढला, की हात लावला तर चटका बसावा. आणि वहिनीला चौथा महिना होता.

गोरक्षनाथ आला तो बातमी ऐकून, वार नसताना. वहिनीच्या बोटाला सुई टोचून त्यानं काचेवर रक्ताचा थेंब घेतला, लगेच गोळ्या दिल्या आणि श्रीमंतला म्हणाला, "आजच्या आज बैलगाडीतून कोपरगावच्या दवाखान्यात न्या. पोटुशी बाईचा ताप अंगावर काढायचा नसतो." मग घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. कडूचं बोट धरलं, तेव्हा तिनं ते मागं ओढू पाहिलं.

"सुईला भ्यालात?" त्यानं विचारलं.

कडूला एवढंच दिसत होतं, की हे बोट त्याच्या हातात आहे आणि याच बोटांनी तिनं भिंत सारवलीय.

सहादेवकाकाच्या घरीही एक जण तापला होता. वहिनी दोन दिवस दवाखान्यात राहिली. ताप उतरला, पोटातलं पोरही सुखरूप आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ती घरी आली ती पार वाळून. कडूनं तिचे पाय धरले.

"अगं, काय झालं रडाया?" वहिनी म्हणाली. "गोळ्या लई कडू हायेत बाई. तुज्यापरीसबी."

कडूला हसता आलं नाही.

शनिवारी पहाटे तो गुरुवारची राहून गेलेली फेरी करायला आला, तेव्हा ती गोठ्यात उभी होती. चरवी नाही, काही नाही. परवा, सोमवारी, नकाशा नगरला जाणार होता. सांगितलं, तर उद्यापासून हा माणूस या बांधावर पुन्हा दिसणार नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. नाही सांगितलं, तर तो येत राहील... आणि डासही. रात्रभर तिनं दोन्ही बाजूंनी विचार केला होता, आणि दर वेळी मधे वहिनीचे वाजणारे दात यायचे.

"त्यो नकाशा धाडू नगा," ती म्हणाली.

"का?"

"डास औषधाला मरतोय. भिंतीवर औषधच न्हाई. मी सारवलीय. चारी घरं मीच सारवलीत."

तो आधी हसला. तिला वाटलं, आता तोही म्हणेल, काय चेष्टा करता! पण मग त्यानं बॅटरी भिंतीजवळ नेली आणि नखानं खरवडलं. शेणामातीचा पातळ पापुद्रा सुटून खाली पडला. आत पांढरं दिसलं.

हाताभर पुढं त्यानं पुन्हा खरवडलं, तिथंही तेच.

"टोळीनं सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं हुतं."

"मग का सारवलीत?"

गौरीचं नाव घेता आलं असतं. सगळ्या वस्तीनं ते मानलं होतं, त्यानंही मानलं असतं. "डास नसले तर तुमी येनार न्हाई म्हनलात... तुमी यावं म्हनून."

गाय हंबरली. तिची धार काढायची राहिली होती.

"तुझ्या वहिनीला काही झालं असतं तर?" तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं तिला अगं-तुगं केलं, आणि तेही असं. "कळतंय का तुला, काय केलंस?"

"कळतंय. म्हनून तर बोल्ले."

त्यानं बॅटरी विझवली. चारही घरी गेला, चारही भिंती खरवडून पाहिल्या आणि बांधावर उभा राहून नकाशावर काहीतरी लिहिलं. सायकलवर टांग मारताना एकदा तरी वळून बघेल म्हणून कडू दारातच थांबली होती. त्यानं वळून पाहिलं नाही.

आठवड्यात टोळी आली आणि पुन्हा औषध मारून गेली. या वेळी कडू घरोघरी फिरून बायकांना सांगत होती, "सारवाल तर माजी आन हाय." तिच्यामुळं काय झालं ते तिनं लपवलं नाही. बायडाबाई तोंडावर फाडफाड बोलल्या, ते तिनं ऐकून घेतलं. वहिनीला तिनं सगळं सांगितलं, अगदी कारणासकट. वहिनी एक दिवस बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "एवढा जीव जडला हुता, तर मला सांगायचं हुतंस. भिंतींना काय सांगत बसलीस?"

दिवाळी गेली. तुळशीची लग्नं झाली. गुरुवार यायचे आणि जायचे. पहाटे गोठ्यात पाय टाकताना कडूला वाटायचं, उजेडाचा तो गोल आत्ता भिंतीवर दिसेल. दिसायची ती नुसती भिंत, औषधाचे ओघळ आलेली. डासाचा मागमूस नाही. कर्जत नकाशात कुठं असतं, हे तिनं श्रीमंतला विचारून घेतलं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तो म्हणाला. दुसऱ्या टोकाला. हाक मारली तर... छे, ती कसली पोचतेय! तो आपल्यावर रागावला असेल, याचं तिला एवढं वाटत नव्हतं. तो आपल्याला विसरून गेला असेल, हे मात्र सोसवत नव्हतं. अशा वेळी ती उगाच घागर उचलून पाटावर जायची आणि तोंडावर पाणी मारून परत यायची.

आणि मग एका रविवारी, चांगलं टळटळीत ऊन पडलेलं असताना, बांधावर सायकल वाजली.

कडू ओसरीवर बाजरी पाखडत होती. सूप हातातच राहिलं. गोरक्षनाथच्या अंगात खाकी नव्हती. पांढरा शर्ट, पायजमा, डोक्याला टोपी. तो सरळ भिमाजीपुढं जाऊन घोंगडीवर बसला.

"या, या," भिमाजी म्हणाला. "पन आता डास न्हाईत बरं का आमच्याकडं."

"माहीत आहे. म्हणून तर आलो." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "कामावर असताना बोलणं बरं नव्हतं. तुम्ही विश्वासानं गोठ्यात येऊ दिलंत. आता ही वस्ती माझ्याकडं नाही, मी कर्जतला असतो."

"आमच्या पोरीपायी तुमचा नकाशा बिघडला म्हनं."

"डॉक्टरांना मी लिहून दिलं, भिंत न तपासता ठिपके मारले, चूक माझी. आता तिथं पहिल्यांदा बायकांना विचारतो, भिंत कधी सारवली. मग नळी काढतो." तो जरा पुढं सरकला. "आणि आबा, खोटेपणा एकट्या पोरीनं केला नाही. नियमानं पाटाजवळच्या गोठ्यापासून सुरुवात करायची असते. तो सहादेवांचा. दर फेरीला पहाटे मी तिथं आधी जायला पाहिजे होतं. मी आधी तुमच्या गोठ्यात यायचो."

"का बरं?"

"सहादेवांकडं धार सहादेव काढतात."

घरात वहिनी फिस्सकन हसली. भिमाजीला समजायला अंमळ वेळ लागला. समजलं, तेव्हा त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि घराकडं तोंड करून म्हणाला, "गोजर, तुज्या माहेराकडचं हाय हे. मानसं कशी हायेत?"

"चांगली हायेत, मामंजी," आतून उत्तर आलं. "मी दिवाळीलाच माज्या दादाला इचारून घेतलंय."

आता भिमाजी कडूकडं वळला. त्या काळी पोरीला कोणी विचारत नसे, आणि विचारलंच तर पोरीनं पदर तोंडाला लावून आत पळायचं असा रिवाज. "कडू, हे कर्जतला ऱ्हात्यात. लांब हाय. पानी कमी हाय. तुझं काय म्हननं?"

कडूनं सूप खाली ठेवलं. हातांना कोंडा लागला होता, तो तिनं झटकला. गोरक्षनाथ घोंगडीच्या दशा मोजत बसला होता. त्याचे कान लाल झालेले तिला दिसले, आणि तिला त्याची कशी माया आली! पण आवाज तिनं खाली केला नाही.

"मला जायाचंय," ती म्हणाली. "यांच्यासंगं मला जायाचंय, आबा."

गोरक्षनाथनं मान वर केली आणि सगळ्यांदेखत, दिवसाउजेडी, तिच्याकडं पाहिलं. नजर काही हलेना.

भिमाजी खाकरला. "मग हुबी काय ऱ्हायलीस, पोरी?" तो म्हणाला. "पाव्हन्यास्नी पानी दे."